ताईचा पत्ता

सरकारी इस्पितळात केसपेपरच्या खिडकीमागे बसणाऱ्या माणसालाही नाव असतं, हे कुणाच्या फारसं ध्यानात येत नाही. या माणसाला सगळे खिडकीकाका म्हणत. खिडकी बुटकी होती, त्यामुळे बाहेरच्याला काकांचं टक्कल दिसे आणि काकांना बाहेरच्याचे हात. नुसत्या हातांवरून ते माणूस ओळखत. नखांत पांढरी भुकटी असली की हा आपल्या नदीपलीकडचा, दगड कापायच्या शेडवरचा. मग काका आधी खेकसत, "सकाळी का नाही आलात? दुपारी काय जेवायला आलात इथे?" आणि खेकसून झालं की मुकाट्याने काम करून देत. फणसासारखा माणूस, असं त्यांच्याबद्दल लोक म्हणत. बायकोचं म्हणणं थोडं वेगळं होतं. ती म्हणे, "फणस परवडला. त्याचे काटे एकदा सोलले की संपतात तरी."

काका राहत नदीपलीकडे. नदीवर एकच पूल, तोही अरुंद, आणि दुपारी दगडाच्या ट्रकांनी इतका तुंबलेला असे की कावळ्यालासुद्धा उडूनच जावं लागे. पलीकडच्या वस्तीत घराघरातला कुणी ना कुणी दगड कापायला जाई. दिवसभर करवती चालत, आणि त्यांची भुकटी पीठ चाळल्यासारखी वस्तीवर बसत राही. वाळत घातलेल्या कपड्यांवर, पाण्याच्या पिंपावर, आणि अर्थातच छातीत. पलीकडे खोकला कुणी आजार म्हणून सांगतच नसे.

तर अशी ही वस्ती शहराच्या हद्दीबाहेर पडत होती. आणि इस्पितळाचा नियम असा, की हद्दीबाहेरच्या रोग्याने आधी आपल्या भागातल्या दवाखान्याच्या डॉक्टरची चिठ्ठी आणायची, मगच इथे फुकट उपचार. वस्तीत दवाखाना होता. त्यात नर्सबाई होती, दाराशी ऑक्सिजनची सोय असलेली रुग्णवाहिका उभी होती, फक्त डॉक्टर नव्हता. तो यायचा तेव्हा यायचा. म्हणजे चिठ्ठी द्यायला माणूस नाही आणि चिठ्ठीशिवाय आत प्रवेश नाही. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, तसली गत.

काही वर्षांपूर्वी एक म्हातारी धापा टाकत खिडकीशी आली होती. चिठ्ठी नव्हती. काकांनी नियम सांगितला. म्हातारी तिथेच खाली बसली, आणि खिडकीतून दिसणारे हातही दिसेनासे झाले. काकांनी खाली वाकून तिच्या केसपेपरवर पत्ता लिहून टाकला, टाकीसमोरची गल्ली, हिरव्या दाराचं घर, तळमजला. तो त्यांच्या थोरल्या बहिणीचा पत्ता. ताई शहरात एकटी राहत असे, विधवा, जिभेची तिखट, मनाची मोकळी. संध्याकाळी काकांनी तिला भीत भीत सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, मग बिघडलं काय? पत्ता काय झिजतो का दिल्यानं?"

तेव्हापासून रीतच पडली. ज्याचं शहरात कुणी नातलग असे त्याने त्या नातलगाचा पत्ता द्यायचा, आणि ज्याचं कुणी नाही त्याला ताई होतीच. काकांनी यात कधी कुणाकडून सुपारीचं खांडही घेतलं नाही. पुण्यच करतोय अशी त्यांची समजूत होती, आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटतं. पण पुण्याचाही हिशोब कुठेतरी मांडला जातो, हे त्यांना तेव्हा सुचलं नाही. सुचणार तरी कसं?

घरात मात्र या पत्त्याने एकदा फजिती केली. काकांच्या बायकोला दमा होता. तिला ताईच्या पत्त्यावर पहिल्यांदा आपल्या इस्पितळात तपासायला नेलं तेव्हा आतल्या डॉक्टरने सहज विचारलं, "कुठे राहता?" तर ही सरळ मनाची बाई म्हणाली, "पुलापलीकडे. हे पण तिथेच राहतात." काका घामाघूम झाले. कसंबसं निभावलं. त्या दिवसापासून त्यांनी तिची शिकवणीच घेतली. भाकरी थापताना, कपडे घडी घालताना मध्येच विचारायचे, "पत्ता?" आणि तिने धडाधडा म्हणायचं, "टाकीसमोरची गल्ली, हिरव्या दाराचं घर, तळमजला."

"इस्पितळातलं कोणीही विचारू दे. डॉक्टर, नर्स, झाडूवाली. हाच सांगायचा. अडखळायचं नाही."

"नाही हो अडखळत. आता मला माझं घर कुठलं तेच आठवेनासं झालंय. उद्या वन्संच्या दारात जाऊन उभी राहीन, म्हणेन, सरका, माझं घर आहे."

दोघं हसले. हसता हसता तिला धाप लागली, मग पंप तोंडाला लावून ती थोडा वेळ भिंतीला टेकून बसली.

इस्पितळाच्या वरच्या मजल्यावर नवी बाई आली, ती या सगळ्यानंतर. ती डॉक्टरच होती, पण रोगी तपासत नसे. कुठल्या भागात किती लोक राहतात, त्यातले किती आणि कशाने आजारी पडतात, हे सगळं केसपेपरवरच्या पत्त्यांवरून कॉम्प्युटरात घालून ती भिंतीवर नकाशा लावी. आजार जितके जास्त तितका तो भाग काळा, कमी तितका पांढरा. खालच्या लोकांनी तिचं नाव नकाशेबाई पाडलं. बाई हुशार होती आणि मनाने चांगली होती, हे इथे सांगून ठेवतो, कारण पुढे कुणाला तिचा राग येईल.

पहिल्याच बैठकीत ती म्हणाली, "आजवर दवाखाने, गाड्या, नर्स कुठे द्यायच्या हे कुणाची ओळख किती त्यावर ठरलं. आता ते बंद. जिथे आजार, तिथे सोय." कुणीतरी टाळ्या वाजवल्या. काकांनीही वाजवल्या. आपल्या वस्तीला आता चांगले दिवस येणार, डॉक्टर मिळणार, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. बैठक संपल्यावर बाईने त्यांना थांबवून घेतलं. "काका, गल्ल्या तुम्हाला ठाऊक. नकाशा तयार झाला की एकदा नजर टाका."

नकाशा झाला. काका चष्मा पुसत वर गेले.

त्यांनी आधी नदी शोधली, मग पूल, मग पुलापलीकडे बोट नेलं. तिथे काहीच नव्हतं. सगळ्या शहरावर कमी-जास्त काळेपणा होता, आणि त्यांची वस्ती धुतल्या कपड्यासारखी पांढरीफटक. एकही खोकला नाही, एकही मृत्यू नाही. मग त्यांची नजर टाकीकडे गेली. टाकीसमोरच्या गल्लीवर शाई सांडावी तसा काळाकुट्ट डाग होता.

"तुम्ही पलीकडेच राहता ना?" नकाशेबाई कौतुकाने म्हणाली. "काय खाता हो तुम्ही लोक? एवढी ठणठणीत वस्ती मी दुसरी पाहिली नाही."

खोलीतले सगळे हसले. काकाही हसले. पण जिना उतरताना ते आपण आजवर ताईचा पत्ता कितीदा लिहिला ते मोजत होते.

पुढचे काही दिवस ताईच्या गल्लीत नुसती धमाल उडाली. नळाचं पाणी तपासायला नेलं. गटारांत औषध मारलं. तोंडाला फडकी बांधलेली माणसं घराघरात शिरून विचारू लागली, दम लागतो का, रक्त पडतं का, घरात कोण कोण आजारी? ताईच्या दारात तर तीन-तीनदा आली. त्यांच्या कागदाप्रमाणे त्या दोन खोल्यांत एवढे रोगी राहत होते की त्यांना उभं राहायलाही जागा पुरली नसती. ताई म्हणाली, "सगळे बाहेर गेलेत." आणि धाडकन दार लावलं.

मग ती तशीच भावाच्या घरी आली. "अरे, माझी गल्ली रोगट ठरवलीस की तू! समोरच्या खोलीतले भाडेकरू सामान उचलून गेले. दूधवाला भांड्याला हात लावत नाही, वरून ओततो."

"ताई, तूच म्हणाली होतीस, पत्ता झिजत नाही."

"झिजत नाही, पण सडतो म्हणून कोण सांगणार होतं?" ती बोलली आणि वहिनीने पुढे केलेला चहा प्यायली. रागावली तरी चहा सोडायची तिची पद्धत नव्हती.

ही हसण्यावारी न्यायची गोष्ट तिथे संपली. पुढच्या आठवड्यात नकाशेबाईने काकांना सांगितलं की नवी आखणी मंजूर झाली. पलीकडच्या दवाखान्याला गाडीची गरजच नाही. ती गाडी, तिच्यावरची दोन माणसं, ऑक्सिजन, सगळं टाकीसमोर हलवायचं. यापुढे ज्याला गाडी हवी त्याने एका क्रमांकावर फोन करायचा, पत्ता सांगायचा, की गाडी हजर. "टाकीच्या आसपास आता कुणी श्वासासाठी तडफडून मरणार नाही," बाई म्हणाली. तिच्या आवाजात समाधान होतं, आणि ते खोटं नव्हतं.

काकांना त्या क्षणी आठवली ती आधीच्या वर्षीची दुपार. बायकोचे ओठ निळे पडले होते. शेजारचा दगडकाप्या धावत दवाखान्यापर्यंत गेला होता आणि गाडीवाल्याला हाताला धरून घेऊन आला होता. तोंडावर ऑक्सिजन लागला आणि ती परत आली. डॉक्टरने नंतर सांगितलं होतं, अजून थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. ती गाडी आता पुलाच्या अलीकडे जाणार. काकांच्या बायकोचा जीव त्या गाडीत होता. इतकी साधी गोष्ट होती, आणि ती सांगायला त्यांच्या जिभेला धीर होत नव्हता.

धीर एकवटून ते निघालेही होते. पण आधी त्यांनी दगडकाप्याला विचारलं. तो शेजारीच राहत असे, दाराएवढा उंच, छातीचा मात्र पार सापळा झालेला. दर मंगळवारी तो ताईच्या पत्त्यावर इस्पितळात जाई. सुया, वाफ, औषधं, सगळं फुकट. त्या मंगळवाराच्या जोरावर तो बाकीचे दिवस शेडवर दगड कापी आणि आपल्या टेम्पोतून वाही.

काकांचं सगळं ऐकताना तो काडीने नखांतली भुकटी कोरत होता. मग म्हणाला, "काका, तुम्ही खरं सांगितलं की नकाशा सुधारेल. कधी? सहा महिन्यांनी? वर्षाने? पण आमचे केसपेपर दुसऱ्याच दिवशी बंद होतील. माझा एकट्याचा नाही. तुम्हीच मोजा किती जणांचे."

काकांना मोजायची गरज नव्हती. सगळे हात डोळ्यांपुढे उभे राहिले.

"काकूंसाठी मी आहे ना. टेम्पो हाताशीच असतो," दगडकाप्या म्हणाला.

मग काकांनी तेच केलं जे तुम्ही-आम्ही केलं असतं. सापही मरावा आणि काठीही मोडू नये अशी युक्ती काढली. जुन्या रोग्यांना हात लावायचा नाही. पण यापुढे पलीकडून साधा ताप, खरूज, पोटदुखी घेऊन कुणी आलं, ज्याला चिठ्ठीविना नुसत्या गोळ्या मिळतात, त्याचा पत्ता खरा लिहायचा. हळूहळू नकाशावर वस्ती उमटेल. काळी नाही झाली तरी मळकी होईल. आणि खरंच झाली. धुतल्यावर राहतो तेवढा डाग पलीकडे दिसायला लागला. काकांनी नकाशेबाईला दाखवला. ती म्हणाली, "हो की. पुढच्या आढाव्यात बघू." काकांना इतकं हायसं वाटलं की त्या दिवशी ते रांगेतल्या कुणावरही खेकसले नाहीत, आणि लोकांना वाटलं काकांना बरं नाही.

गाडी मात्र ठरल्या तारखेला गेली. दवाखान्याच्या दाराशी तिच्या चाकांखालची जागा तेवढी बिनभुकटीची राहिली होती, तीही दुपारपर्यंत बाकीच्या रस्त्यासारखी पांढरी झाली.

त्या संध्याकाळी काकांनी फोनचा नवा क्रमांक पाटीएवढ्या अक्षरांत लिहून चुलीजवळच्या भिंतीवर चिकटवला. बायकोला समोर बसवून फोन लावायला शिकवलं. "मी नसताना दम लागला तर आधी पंप. थांबला नाही तर हा नंबर. मग शेजारी हाक मार. माणूस बोलेल, काय होतंय विचारेल, पत्ता विचारेल. घाबरायचं नाही."

"घाबरते कशाला?" ती म्हणाली. "पत्ता तर मला झोपेतही येतो."

काका हसले. त्यांना त्यात वावगं काही वाटलं नाही.

मग एका दुपारी, खिडकीसमोर रांग असताना, काकांचा फोन वाजला. ताई होती, आणि हसत होती.

"अरे, तुझ्या त्या रोगट पत्त्याची कमालच झाली. आज दारात गाडीच येऊन उभी राहिली! घंटा वाजवत. दोन दांडगे स्ट्रेचर घेऊन आत घुसले, म्हणाले पेशंट कुठाय? मी म्हटलं, मीच एकटी इथे, आणि मी तुमच्या दोघांपेक्षा धडधाकट आहे. खोटा फोन करता म्हणून मलाच दम देऊन परत गेले मेले. म्हणे बाईचा आवाज होता, धापा टाकत होती..."

ती बोलता बोलता थांबली.

"अरे," ताई हळूच म्हणाली, "वहिनी कुठाय?"

काकांनी घरी फोन लावला. वाजत राहिला. दगडकाप्याला लावला. तो शेडवर होता, करवतीच्या आवाजात त्याला आधी काही कळेना, आणि कळल्यावर त्याने उत्तर न देताच फोन बंद केला. काका खिडकी तशीच उघडी टाकून पळत सुटले. पन्नाशी उलटलेला, कधी जिन्यावरही न धावणारा माणूस भर रस्त्यातून पळतोय हे पाहून लोक बाजूला होत होते. पुलावर ट्रकांची रांग लागली होती. ट्रकांच्या मधून, कठड्याला घासत ते निघाले, आणि पुलाच्या मध्यावर त्यांना तो टेम्पो दिसला. पुढे ट्रक, मागे ट्रक. दगडकाप्या खाली उतरून दोन्ही हातांनी पुढच्या ट्रकचं फळकुट बडवत होता. मागे, जिथे दगड ठेवतात तिथे, ती होती. शेजारणीच्या मांडीवर डोकं. तिच्या केसांवर भुकटी बसली होती, आणि ती आता खोकत नव्हती.

नंतर शेजारीण सांगत होती, "दार सताड उघडं होतं हो. उंबऱ्याशीच बसल्या होत्या, चौकटीला धरून, रस्त्याकडे बघत." काकांना त्याचं नवल वाटलं. भुकटी आत येते म्हणून ती दुपारी दाराची फटही राहू देत नसे. आणि हाक मारायची सोडून ती दारात का बसून राहिली असेल? कुणाची वाट बघत होती?

दिवस झाले. माणसं भेटून गेली. ताई येऊन राहिली, स्वयंपाक बघू लागली. एकदाच म्हणाली, "मी त्यांना हाकलायला नको होतं. विचारायला हवं होतं." आणि पदर तोंडाशी धरला. दगडकाप्या रोज येऊन बसे. एका संध्याकाळी उठताना तो दारात घुटमळला. विचारायचीच त्याला लाज वाटत होती.

"काका... माझा मंगळवार... तसाच ना?"

"तसाच," काका म्हणाले.

काका कामावर परतले त्याच आठवड्यात नव्या आखणीचा पहिला आढावा होता. सोमवारी वरच्या खोलीत सगळे जमले. नकाशेबाईने काकांना पाहताच पुढे येऊन त्यांचा हात धरला, आणि खरोखर वाईट वाटल्यासारखी म्हणाली, "मला काल कळलं. तुम्ही आज यायला नको होतं." काका मागच्या खुर्चीवर बसले. भिंतीवर नवा नकाशा होता. पलीकडे मळका डाग, टाकीसमोर काळा.

फोनची व्यवस्था बघणारा अधिकारी उठला. हा गृहस्थ जाडजूड आणि हसतमुख. एकूण काम झकास चाललंय, म्हणाला. टाकीच्या भागात तर गाडी प्रत्येक वेळी वेळेच्या आत पोहोचली. एकच अडचण, खोटे फोन. "एक ऐकवतोच तुम्हाला. लोक काय काय नाटकं करतात बघा." त्याने फोनवरचं रेकॉर्डिंग लावलं.

आधी खरखर, मग धाप. मग बायकोचा आवाज.

"गाडी... पाठवा... दम..."

"पत्ता सांगा, बाई."

"टाकीसमोरची... गल्ली." श्वास. "हिरव्या... दाराचं घर." लांब श्वास, शिट्टीसारखा. "तळमजला."

"आलीच गाडी. दार उघडून ठेवा."

"उघडते... हं."

मग काहीतरी सरकल्याचा आवाज, आणि पावलं, फार सावकाश.

"उघडते हं, म्हणे!" अधिकाऱ्याने मांडीवर थाप मारली. "काय अभिनय! आणि पत्ता किती स्वच्छ, एकदाही चुकली नाही. गाडी अगदी वेळेत दारात. आणि दारात कोण? एक ठणठणीत म्हातारी!"

दोघेतिघे हसले. नकाशेबाई हसली नाही. ती नकाशे काढत असली तरी डॉक्टर होती.

"पुन्हा लावा," ती म्हणाली.

पुन्हा तोच आवाज खोलीभर झाला.

"हे नाटक नाही," बाई म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "असा श्वास कुणाला खोटा काढता येत नाही. या बाईला खरंच दम लागला होता. पण मग... कुठे होती ही?"

काका उठले. खुर्च्यांच्या मधून वाट काढत ते भिंतीपाशी गेले. आधी नदी, मग पूल. मग पुलापलीकडच्या मळकट पांढऱ्यावर त्यांनी बोट टेकवलं.

"इथे," ते म्हणाले. "दार उघडून बसली होती. माझी बायको. पत्ता मीच पाठ करून घेतला होता तिच्याकडून."

अधिकाऱ्याचं हसू अर्धवट तसंच राहिलं. नकाशेबाईने त्यांच्या बोटाकडे पाहिलं, मग टाकीसमोरच्या काळ्या डागाकडे पाहिलं, आणि काय झालंय ते तिच्या हळूहळू ध्यानात येत गेलं.

"काका," तिने विचारलं, आणि तिला उत्तर नको आहे असं तिच्या आवाजावरून वाटत होतं, "मग हे? हे बाकीचे?"

काकांना खिडकीतून आत येणारे हात दिसले, नखांत भुकटी असलेले. या खोलीतून ते बाहेर पडायच्या आत त्या हातांतले कागद रद्द होऊ शकत होते. आणि न सांगावं, तर पलीकडे अजून किती दारं अशी उघडी राहणार होती.

"हेही तिथलेच, बाई," काका म्हणाले. "सगळे."

हे बोलताना त्यांना शेजाऱ्याचा मंगळवार आठवत होता, आणि तो उद्याच होता.